तिसऱ्या हाकेपर्यंत

सातवीण फुलली की मी मागची खिडकी लावून घेते. दिवसा त्या फुलांना वास नसतो. दिवे लागायची वेळ झाली की तो डोंगराकडून खाली उतरतो, गोड, जड, डोकं धरणारा. आमच्या घरातले पुरुष म्हणतात, छान वास आहे. ते मुंबईहून कामावरून दमून येतात, त्यांना सगळंच छान वाटतं. मला त्या वासाबरोबर वाळलेल्या गवताचा आवाज ऐकू येतो. आश्विनातलं गवत वारा नसतानाही वाजतं. आत काहीतरी चालल्यासारखं.

बोरिवलीत आमची बैठी चाळ स्टेशनापासून बरीच लांब, डोंगराच्या बाजूला आहे. चाळीपुढे विहीर, विहिरीपुढे भाताची खाचरं, खाचरांपुढे गवत आणि गवत संपतं तिथे रान. मी लग्न होऊन मालवणकडून इथे आले तेव्हा सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी हाताने दाखवलं होतं, "इथपर्यंत आपलं." त्यांनी बोट गवताच्या कडेला थांबवलं. पुढचं कोणाचं ते त्या बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. मला विचारायची सवयच नव्हती. चौथीत शाळा सुटली तेव्हाही मी का म्हणून विचारलं नव्हतं.

त्या रानातून वर्षातून एकदा फेरा निघे. भात कापणीला यायच्या आधी, गवत वाळलं की. आमच्या चाळीतल्या जनामावशी तो नेत. त्या मूळच्या आमच्याच बाजूच्या, पण तरुणपणी इथे आलेल्या. पाड्यावरच्या वारली बायका मोळ्या विकायला येत. त्यांच्याबरोबर जाऊन मावशींनी ती वाट पायाखाली घातली होती. नदीच्या काठाने वर चढायचं, कान्हेरीच्या लेण्यांखालून जायचं, डोंगराची धार ओलांडून तुळशी तलावाकडे उतरायचं, मग पुन्हा चढून मुलुंडच्या अंगाला वाघोबाचा दगड आहे तिथे शेंदूर लावायचा. रात्री मुलुंडला मावशींच्या भावजयीकडे पाठ टेकायची आणि दुसऱ्या दिवशी विहारच्या बाजूने, अगदी वेगळ्या वाटेने, घरी. गाडीने मुलुंडला जायचं तर दादरला उतरून दुसरी गाडी धरावी लागते, म्हणून मला मुलुंड फार लांबचं गाव वाटे. रानातून गेल्यावर कळलं, आपल्या पाठीला पाठ लावून बसलंय ते. मधे फक्त डोंगर.

फेरा म्हणजे गोल. गेल्या वाटेने परत यायचं नाही. गोल पुरा झाला की मागणं पुरं होतं, असं सगळ्या धरून चालत.

निघायच्या आदल्या दिवशी मावशी विहिरीवर सगळ्यांना बसवून नेम सांगत. त्यांचं बोलणं मला माहेरची आठवण करून देई. "रानात कोणाचा नाव घेवचा नाय. मागे वळान बघूचा नाय. माणसां मोजूची नाय, मोजलेला कमी होता."

"आणि कोणी हाक मारली तर, मावशी?" हे पार्वतीबाई मुद्दाम विचारत. त्या आमच्या शेजारच्या, आडव्या अंगाच्या, मोठ्या आवाजाच्या. उत्तर त्यांना पाठ होतं, पण नव्या मुलींचे चेहरे बघायला त्यांना आवडे.

"पयली हाक वाऱ्याची," मावशी म्हणत. "दुसरी तेची. तिसरी माणसाची. तिसरीक ओ देवचा. तेच्या आधी तोंड उघडूचा नाय, मगे तुझी आवस हाक मारूंदे."

"माझी आई मारेल तर पहिल्या हाकेतच डोंगर हलेल," पार्वतीबाई म्हणाल्या आणि सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत.

हाकच मारायची नाही, तर मग माणसं एकत्र कशी राहणार? त्याचीही रीत होती. मावशी सगळ्यात पुढे, पार्वतीबाई सगळ्यात शेवटी. थोडं चाललं की मावशी "कूऽ" करत. शेवटून पार्वतीबाई "कूऽ" करत. पुढचं टोक आणि मागचं टोक बोललं की ओळ शाबूत. आम्ही मधल्या सगळ्या खाली मान घालून, पुढचीच्या टाचा बघत चालायचो. इतकी वर्षं असंच चाललं होतं. मधल्यांचं काय, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं. मला तर ते मधे असणं फार बरं वाटलं होतं. कोणी आपल्याकडे बघत नाही, आपल्याला काही विचारत नाही.

त्या वर्षी आम्ही माझ्या थोरल्या जावेसाठी निघालो होतो. तिचं नाव तारा. घरात मी तिला वहिनी म्हणते. तिची दोन बाळं गेली होती. एक जन्मून दोन महिन्यांचं होऊन, दुसरं त्याआधीच. त्या आश्विनात तिला पुन्हा दिवस राहिले होते आणि ती कोणाशी धड बोलत नव्हती. भाकरी थापताना मधेच हात थांबवून ती पोटाकडे बघत बसे. तव्यावरची भाकरी करपे आणि सासूबाई ती उचलून स्वतःच्या ताटात घेत.

"एवढं चालवेल का तुला?" मी तिला विचारलं होतं.

"न चालून दोनदा बघितलं ना," ती म्हणाली. "आता चालून बघते."

पहाटेच्या गारव्यात निघालो. नदी गुडघ्याखाली आली होती, दगड शेवाळाने काळे पडले होते. कान्हेरीखालून जाताना वर लेण्यांची तोंडं दिसत होती. ओळीने उघडी, आत अंधार भरलेली. कोणीतरी खूप वेळ ओ देऊन देऊन दमल्यासारखी ती मला वाटली. वाटेवर आडवी कोळिष्टकं होती, त्यात तळहाताएवढे पिवळे-काळे कोळी. मावशी काठीने एक एक बाजूला करत आणि कोळ्यालासुद्धा "सर बाबा" म्हणत. वर चढलो तशी झाडं संपली आणि गवत लागलं. डोक्याएवढं. वाळून सोनेरी झालेलं. कुसळं साडीत शिरत, पोटऱ्यांना टोचत. पुढची बाई वळणावर गेली की दिसत नसे, फक्त गवत हललेलं दिसे. हललेलं गवत पुन्हा सरळ उभं राहायला थोडा वेळ लागतो. मी तेवढ्या वेळात पुढे पोचायची धडपड करत होते.

माझ्या मागे वहिनी होती. वळून बघायचं नव्हतं, म्हणून मी तिच्या बांगड्या ऐकत होते.

धारेवर ऊन कडक झालं. तिथून वास यायला लागला. सातविणीचा नाही, दिवसा तिचा नसतोच. दुसराच. ओल्या कातड्यासारखा, उग्र. माझ्या पुढची मुलगी नाकाला पदर लावून चालू लागली. खाली झाडीत माकडं एकदम ओरडली आणि एकदम गप्प झाली. मावशींनी "कूऽ" केलं. मागून पार्वतीबाईंनी "कूऽ" केलं. टोकं बोलली. सगळं ठीक होतं.

आणि मग तिसरं "कूऽ" आलं.

ते ओळीतून नव्हतं. खालून, डाव्या बाजूच्या घळीकडून आलं. बारीक, ओढल्यासारखं. आमच्या सगळ्यांच्या टाचा थबकल्या. थोड्या वेळाने ते पुन्हा आलं.

"चला," मावशी पुढून म्हणाल्या, अगदी हळू. "कान देव नकात. तो चकवो. टोकां बोलली मगे ह्यो कोण? चला."

आम्ही भरभर चालायला लागलो. माझ्या मागे बांगड्या वाजत होत्या. मला वाटत होतं त्या तिच्याच.

तलाव झाडांतून दिसायला लागला तेव्हा एका सपाट दगडावर आम्ही भाकरी सोडायला बसलो. पाणी हलत नव्हतं, त्यावर आकाशही पडलेलं दिसत नव्हतं, नुसतं शिशासारखं.  भाकऱ्या निघाल्या, कांदा निघाला.

"चटणी कोणाकडे?" पार्वतीबाईंनी विचारलं. "खोबऱ्याची चटणी कोणी आणली?"

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला माहीत होतं चटणी कोणाकडे आहे. आदल्या दिवशी मीच खोबरं किसलं होतं आणि निघताना वहिनीने ती फडक्यात बांधून आपल्या कमरेला खोचली होती. मी मागे वळून बघितलं. माझ्या मागे बसली होती ती चाळीच्या टोकाकडची सून. तिच्याही हातात हिरव्याच बांगड्या होत्या.

मोजायची गरजच पडली नाही. चटणी नव्हती म्हणजे वहिनी नव्हती.

"ते दोनदा ओरडलं ना," पार्वतीबाई बसल्या जागी पुटपुटल्या, "ते तीच होती गं." त्यांचा मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"तीच म्हणान कोण सांगता?" मावशी म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. माझ्या लक्षात आलं की मावशींना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. "फेरो सुरू झालो की मागे वळूक नाय. ह्यो फेरो तिच्या पोटातल्यासाठीच ना? आपण वळलो तर तेचा काय?"

"अहो मावशी, बरणीच फुटली तर लोणचं कुठे ठेवणार आहात?" पार्वतीबाई म्हणाल्या.

 मावशी शेंदराची पुडी मुठीत धरून बसून राहिल्या. त्यांना आठवत असणार, त्यांनी इतकी वर्षं फिरवून आणलेल्या बायका, त्यांची जगलेली पोरं. एकदा मोडला की मागचेही सगळे फेरे मोडतील, असं त्यांना वाटत असेल. मला आज तसं वाटतं. तेव्हा मला काहीच वाटलं नाही.  मला चार माणसांत बोलता येत नाही. मी उठले आणि आलेल्या वाटेला लागले. मागून जड पावलं आली, पार्वतीबाईंची.

मघाशी सगळ्यांबरोबर चालले ते गवत आणि आता दोघींनी चालायचं गवत ही दोन वेगळी गवतं होती. वाट आमच्याकडे तोंड करून बसल्यासारखी वाटत होती. ज्या वाटेने परत यायचं नसतं ती परत येताना ओळखू येत नाही. मघाचे दगड उलट्या बाजूने दुसरेच झाले होते. कुठे थांबायचं ते वासाने सांगितलं. तो उग्र वास अजून तिथेच होता. घळीच्या कडेला गवत आडवं झालेलं होतं, एक जण झोपून उठावं एवढी जागा. पार्वतीबाईंनी माझा दंड धरला. त्या जागेला त्यांनी हात जोडले आणि नाव घेतलं नाही.

"हाक मार," त्या कुजबुजल्या. "माझ्या घशातून निघत नाही."

वहिनी म्हणून मारावी तर ते नाव नाही, ती सगळ्यांचीच असते. तिसरी हाक माणसाची म्हणजे नावाची. थोरल्या जावेचं नाव मी कधी मनातसुद्धा घेतलं नव्हतं.

"तारा!" मी ओरडले.

माझाच आवाज मला परका वाटला. घळीने तो घेतला आणि ठेवून दिला. काही आलं नाही.

"तारा!"

एक पान पडलं तेवढं ऐकू आलं. लांब तलावाकडे टिटवी ओरडत गेली. मी वाट बघितली. किती वेळ ते सांगता येणार नाही. खाली काही हललं नाही, कण्हणं नाही, बांगडी नाही. मला वाटलं, झालं. पार्वतीबाई तोंडात पदर धरून रडायला लागल्या आणि म्हणाल्या, "चल गं, ऊन कलायला लागलं. माणसं घेऊन येऊ. चल." त्यांनी मला ओढलं आणि मी दोन पावलं गेलेही. मग मला वाटलं, जायचंच आहे तर एकदा अजून. कोणाला ऐकू जावं म्हणून नाही. तोंडात ते नाव आलं होतं, ते तसंच गिळवेना.

"तारा!"

"ओ."

इतक्या जवळून आलं की मी दचकले. आमच्या पायांखालीच, घळीच्या पोटात, कारवीच्या आड ती बसली होती. उलटीसाठी म्हणून वळणावर वाटेखाली उतरली होती, दगड निसटला आणि पाय दोन धोंड्यांत अडकला. घोटा काळानिळा झालेला. चेहरा राखेसारखा. कमरेला चटणीचं फडकं तसंच.

आम्ही धोंडा हलवून तिचा पाय सोडवला. पार्वतीबाई तिला शिव्या देत होत्या, रडत होत्या, पुन्हा शिव्या देत होत्या. "मेले, तोंड नव्हतं तुला? एवढी ही ओरडतेय!"

"पहिलीच ऐकली मी," वहिनी म्हणाली. "दुसरीही ऐकली. मग हिचा आवाज थांबला आणि पावलं लांब जायला लागली."

"मग?"

"मग मी तिसरीची वाट बघत बसले."

"आणि तिसरी आली नसती तर?" मी विचारलं.

 मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "मी कशी बोलणार? पोटात ही होती ना," ती म्हणाली. तेव्हा ती मुलगी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ती 'ही'च म्हणाली. मग हळूच म्हणाली, "समोर पलीकडे कोणीतरी बसून होतं गं. मी ओ देते का बघत होतं."

तिला दोघींमधे धरून आम्ही आलो त्याच वाटेने घरी आणली. लेण्यांखालून गेलो तेव्हा अंधारून आलं होतं, वर बघायचं धाडस झालं नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आणि बाकीच्या विहारच्या बाजूने आल्या. त्यांचा फेरा पुरा झाला होता. मावशी थेट आमच्या घरी आल्या, वहिनीच्या कपाळाला उरलेला शेंदूर लावला, पाय शेकून दिला, खूप मायेने बोलल्या. उठताना मात्र दारात थांबून सासूबाईंना म्हणाल्या, "अर्धो फेरो रानात रवलो. तो तसो रवणा नाय. आपलो आपण पुरो जाता."

रानात राहिलेला अर्धा फेरा आपला आपण पुरा कसा होतो, ते सासूबाईंनी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची सवय कोणालाच नाही.

ती अख्खी थंडी आम्ही श्वास धरून काढली. मुलगी ऐन उन्हाळ्यात झाली. रडली, दूध प्यायली, दोन महिन्यांची झाली, तिसरा लागला. तरी कोणी पेढे वाटले नाहीत. नाव ठेवलं धोंडी. मागची पोरं गेलेली असली की असंच नाव ठेवतात, कोणाला हवंसं वाटू नये म्हणून. मला मात्र तिचं नाव घेताना तो पाय अडकवणारा धोंडा दिसतो.

आता धोंडी पळायला लागली आहे. अंगाने काटक, केस पिंगट, गवताच्याच रंगाचे. जनामावशींचा तिच्यावर फार जीव. मांडीवर घेऊन त्यांनी तिला बाकी काही शिकवायच्या आधी तो नेम शिकवला. पयली हाक वाऱ्याची. पोरीला तो खेळ वाटतो. तिला हाक मारली की ती असेल तिथे गप्प उभी राहते, डोळे मिचकावते, आणि तिसऱ्या हाकेलाच ओ देते. एकदा पार्वतीबाई चिडून म्हणाल्या, "काय गं, पहिलीला ओ दिलीस तर जीभ झडेल का?" तर ती म्हणाली, "पहिली तुझी नाही, वाऱ्याची आहे." सगळी चाळ हसली. वहिनी उठून आत गेली.

यंदाही फेरा निघणार आहे. मावशी थकल्या आहेत, पण त्या काल येऊन गेल्या. "ह्या वर्षी पोरीक घेवन चल, तारा," त्या म्हणाल्या. "अर्धो आसा तो पुरो करून टाक." वहिनी तांदूळ निवडत राहिली. रात्री मला म्हणाली, "नेलं तर तिला त्याच्यासमोर नेते मी. नाही नेलं तर ते इथे येईल म्हणतात. तू सांग." मी काय सांगणार? मी एवढंच म्हणाले की गेलीस तर मी तुझ्या मागे चालेन, आणि मागे वळून बघेन, आणि मोजेन. मोजायला मला येतं. 

दिवे लागायची वेळ झाली आहे. खिडकी लावली तरी सातवीण फटीतून आत येतेच. धोंडी बाहेर खेळते आहे. वहिनी मागच्या दारात उभी राहून तिला जेवायला हाक मारते आहे.

"धोंडे!"

रोज हे असंच होतं, तरी रोज माझा हात थांबतो. समोरच्या घरातली भांडी थांबतात. सासूबाईंची जपमाळ थांबते. पहिली आणि तिसरी यांच्या मधे जी जागा असते, तिच्यात गेली काही वर्षं आमचं घर राहतं.

"धोंडे!"

गवत वाजतं आहे. वारा नाही. वहिनीचा आवाज दुसऱ्या हाकेलाच बसतो, तिसरी तिच्याने वेळेवर निघत नाही. म्हणून मी उठते, तिच्या खांद्यापाशी उभी राहते. तिसरी हाक रोज मीच मारते. मला आता ओरडता येतं.

"धोंडे!"

"ओ!"

ओ आली. वहिनीने चौकटीला डोकं टेकलं. मी मात्र आवाज कुठून आला त्या बाजूला बघत राहिले. काल तो विहिरीपासून आला होता. आज खाचरांच्या पलीकडून आला, सासूबाईंचं बोट जिथे थांबलं होतं तिथून.